शिवाजी म्हणतो, ‘सिट डाउन’

पहिली-दुसरीच्या मुलांना इंग्रजी खेळातून शिकवावे, यावर शिक्षकांत आता फारसा वाद उरलेला नाही. मतभेद होतात ते खेळ कशाला म्हणायचे यावर. फळांची नावे फळ्यावर लिहून ती सुरात वदवून घेणे हा खेळ नव्हे. ते पाढे म्हणण्यासारखेच आहे. आंब्याचे चित्र रंगवून त्याखाली ‘मँगो’ लिहिण्यात मुलाचा अर्धा तास मजेत जातो, पण त्या अर्ध्या तासात ते इंग्रजीचा एकही शब्द धड ऐकत नाही की बोलत नाही. भाषेच्या खेळाची कसोटी साधी आहे. त्या भाषेवाचून खेळ अडला पाहिजे. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘आउट’ म्हटल्याशिवाय डाव पुढे सरकत नाही, म्हणून ‘आउट’, ‘कॅच’, ‘वाइड’ आणि ‘नो बॉल’ हे शब्द शाळेची पायरी न चढलेल्या मुलालाही येतात आणि तेही अगदी नेमक्या जागी.

महाराष्ट्रात हा प्रश्न २००० सालापासून विशेष महत्त्वाचा झाला. त्याआधी मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून आले. पाचवीचे मूल मराठी लिहू-वाचू लागलेले असते आणि त्याला व्याकरणाचा नियम सांगता येतो. सहा वर्षांच्या मुलाला यातले काहीच येत नसते. वाचता न येणाऱ्या मुलाला पुस्तकातून भाषा शिकवता येत नाही. तिथे कान, तोंड आणि हातपाय एवढेच भांडवल असते. शिवाय त्या काळातले पहिलीचे बहुतेक शिक्षक स्वतः पाचवीत इंग्रजी शिकू लागलेले होते. अस्खलित इंग्रजी बोलण्याची अपेक्षा ठेवणारी पद्धत त्यांच्या उपयोगाची नव्हती. मोजक्या वाक्यांवर चालणारे खेळ मात्र त्यांना जमण्यासारखे होते.

अशा खेळांत पहिला मान आज्ञेच्या खेळाचा. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ मराठी मुलांना नवा नाही. ‘शिवाजी म्हणतो, बसा’ असे म्हटले तर बसायचे, नुसते ‘बसा’ म्हटले तर बसायचे नाही, आणि चुकला तो बाद. यातली आज्ञा तेवढी इंग्रजी केली की भाषेचा उत्तम पाठ तयार होतो: ‘शिवाजी म्हणतो, सिट डाउन’, ‘टच युवर नोज’, ‘जंप’. मुलाला तोंडाने काहीच बोलायचे नसते. शब्द समजला की शरीर हलते आणि नाही समजला तर शेजारच्याकडे पाहून हलते; त्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहण्यातही शिकणे आहे. अमेरिकेतील सॅन होजे येथील मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात जपानी भाषेतील आज्ञा देऊन याच तत्त्वावर प्रयोग केले आणि त्यातून एक अध्यापनपद्धती बांधली. त्यांचा तर्क मूल मातृभाषा कसे शिकते यावरून आलेला होता. आई ‘ये’, ‘दे’, ‘बस’, ‘टाटा कर’ म्हणत राहते, मूल तसे करत राहते आणि बोलणे पुष्कळ नंतर येते. नवी भाषाही आधी अंगात मुरावी, मग ओठांवर यावी.

बोलण्याआधीचा हा काळ अनेक मुलांत काही आठवडे, कधी काही महिनेही टिकतो. अमेरिकन भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी या मौनाच्या काळाकडे लक्ष वेधले. मूल गप्प असले म्हणजे शिकत नाही असे नव्हे, आणि भीती किंवा अवघडलेपण असेल तर कानावर पडलेलेही आत पोचत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. वर्गात याचा अर्थ एवढाच की पहिल्या काही आठवड्यांत ज्या खेळांत हाताने दाखवून, मान हलवून किंवा धावत जाऊन उत्तर देता येते ते आधी घ्यावेत. भिंतींवर चार चित्रे लावायची, शिक्षकाने ‘रन टु द काऊ’ म्हणायचे आणि मुलांनी गाईच्या चित्राकडे पळायचे. दुसरा एक खेळ त्याहून सोपा, पण गलका करणारा आहे. शिक्षक केळे हातात धरून गंभीर चेहऱ्याने ‘धिस इज अ मँगो’ म्हणतो. वर्गातले सर्वांत लाजाळू मूलही ‘नो!’ म्हणून ओरडते. मोठ्या माणसाची चूक पकडण्याची संधी कोणते मूल सोडेल? पुढच्या आठवड्यात ‘नो’च्या मागे ‘बनाना’ येतो आणि त्यापुढच्या आठवड्यात ‘इट इज अ बनाना’.

मराठी मुलांच्या परंपरेत असे खेळ भरपूर आहेत, आणि नवे नियम समजावण्यात तासाचा निम्मा वेळ घालवण्यापेक्षा त्यांनाच हात घालणे शहाणपणाचे. ‘चिमणी उड’मध्ये ‘क्रो फ्लाय’ म्हटले की बोट वर आणि ‘बफेलो फ्लाय’ म्हटले की बोट जमिनीवरच. म्हैस उडवणारा बाद. हाच खेळ थोडा वाढवला की ‘कॅन’ हे क्रियापद येते: कावळा उडू शकतो, मासा पोहू शकतो, म्हैस पोहू शकते पण उडू शकत नाही. ‘मामाचे पत्र’मध्ये रुमालाऐवजी खरेच एक पत्र ठेवता येते, म्हणजे चित्राचे कार्ड. ज्याच्या मागे ते पडेल त्याने उचलून ‘आय हॅव अ कप’ किंवा ‘आय हॅव अ की’ असे म्हणायचे आणि मगच पळायचे. ‘आंधळी कोशिंबीर’मध्ये ‘लेफ्ट’, ‘राइट’, ‘स्टॉप’ या शब्दांशिवाय डोळे बांधलेल्या गड्याला वाट सापडत नाही. शहरांतल्या वाड्यांत आणि सोसायट्यांत मुले ‘टिपी टिपी टिप टॉप’ खेळतात. त्यात राज्य असलेला गडी एका रंगाचे नाव घेतो आणि बाकीच्यांना त्या रंगाच्या वस्तूला हात लावून सुटावे लागते. रंगांची इंग्रजी नावे तिथे कोणीही पाठ करून घेतलेली नसतात.

खेळ निवडताना एक हिशेब मात्र करावा लागतो. चाळीस मुलांच्या वर्गात एक मूल पुढे येऊन डोळे बांधून घेते आणि एकोणचाळीस पाहतात, तेव्हा तो एका मुलाचा खेळ आणि बाकीच्यांचा तमाशा होतो. दहा मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला किती वेळा ऐकणे आणि किती वेळा बोलणे आले, हे मोजले की अनेक रंगीबेरंगी उपक्रमांचे पितळ उघडे पडते. म्हणून ‘आंधळी कोशिंबीर’ पाच-सहा जणांच्या गटांत मैदानावर बरी, आणि बाकड्यांच्या वर्गात ‘शिवाजी म्हणतो’ बरा. बाद झालेल्यांना नुसते बसवून ठेवण्यापेक्षा पंच करावे. बाद होतात ते बहुधा कच्चे गडीच. सरावाची गरज त्यांनाच जास्त असते आणि नेमके तेच खेळाबाहेर बसतात. बाद करण्याच्या खेळांतला हा दोष लक्षात ठेवावा लागतो.

कानाचा खेळ हा वेगळाच विषय आहे, आणि तिथे मराठी मुलाच्या अडचणी त्याच्या मातृभाषेतून येतात. इंग्रजीत अक्षरे २६, पण ध्वनी साधारण ४४. त्यातले काही मराठीत नाहीत, तर काही आहेत पण वेगळ्या हिशेबाने. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ इकार लिहिण्यात वेगळे, पण बोलण्यात त्यांच्यामुळे अर्थ क्वचितच बदलतो. त्यामुळे ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी हा फरक मुलाच्या कानाला चटकन लागत नाही. ‘वेट’ हा शब्द ओला या अर्थाने म्हणताना ओठ गोल होतात आणि जनावरांचा डॉक्टर या अर्थाने म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. मराठीत दोन्हींना एकच व. ‘झू’ मुलाला सहज जमते, कारण ‘जग’ आणि ‘झाड’ यांतला दंततालव्य उच्चार त्याच्या तोंडात आहेच. ‘झिप’ आणि ‘झीब्रा’ मात्र अडतात, कारण इ-ए या स्वरांआधी मराठी ज-झ तालव्य होतो. हे सगळे मुलांना समजावून सांगायचे नसते. शिक्षकाला माहीत असले म्हणजे पुरे.

खेळ सोपा असतो. वर्गाच्या एका भिंतीवर जहाज आणि दुसऱ्या भिंतीवर मेंढी. शिक्षक शब्द उच्चारतो आणि मुले बोटाने दाखवतात. काही दिवसांनी शिक्षकाची जागा मुले घेतात, आणि तेव्हा खरी गंमत सुरू होते. बोलणाऱ्याच्या मनात मेंढी असते आणि सगळा वर्ग जहाजाकडे बोट करतो. आपला उच्चार चुकला हे कोणीही न रागावता त्याला कळते. ‘व’च्या दोन जातींसाठी हातात छोटा आरसा द्यावा, दात ओठावर टेकले की नाही, ते मूल स्वतःच पाहते. कानगोष्टींचा खेळही याच कामाचा. एका टोकाने सांगितलेले ‘अ बिग रेड बॉल’ दुसऱ्या टोकाला काय होऊन बाहेर पडते यावर वर्ग खदखदून हसतो. पण त्यात ओळ लांब असू नये. सात-आठ जणांच्या चार ओळी एका तीस जणांच्या ओळीपेक्षा केव्हाही चांगल्या.

बडबडगीतांबद्दल मराठी पालकांना फार कौतुक असते, आणि पाहुण्यांपुढे ती म्हणवून घेण्याची हौसही. त्यांचा खरा उपयोग शब्दसंख्येपेक्षा ठेक्याचा आहे. मराठी बोलताना बहुतेक अक्षरांना सारखाच वेळ मिळतो. इंग्रजीत जोर पडलेले अक्षर लांबते आणि बाकीची गिळली जातात. टाळ्या वाजवत, पाय आपटत म्हटलेले गीत हा ठेका अंगात उतरवते. अर्थ मात्र समजलेला असावा, नाहीतर विचित्र प्रसंग येतात. मराठी बालगीतात पावसाला पैशाचे आमिष दाखवून बोलावले जाते. इंग्रजी गीतात त्याच पावसाला परत पाठवले जाते. दुष्काळी गावातल्या शाळेत जून कोरडा गेलेला असताना हे इंग्रजी गीत साभिनय म्हणवून घेताना शिक्षकाने क्षणभर बाहेर पाहायला हरकत नाही.

गोष्टींसाठी लांब जायला नको. चिऊ-काऊची गोष्ट प्रत्येक मुलाला पाठ असते. कावळा पुन्हापुन्हा दार वाजवतो आणि चिमणी प्रत्येक वेळी नवे कारण सांगते. ही पुनरावृत्ती भाषा शिकवणाऱ्यासाठी आयती सोय आहे. इंग्रजीत सांगताना कावळ्याचे एक वाक्य आणि चिमणीचे ‘वेट’ म्हणजे ‘थांब’ एवढे मुलांकडे द्यायचे. बाकीचे शिक्षकाने हावभावांनी भरून काढायचे. तिसऱ्या वेळी मुले शिक्षकाच्या आधीच ‘वेट!’ म्हणतात. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीतही हेच होते. प्रत्येक प्राणी वाट अडवतो आणि म्हातारी तेच उत्तर देते. गोष्ट ओळखीची असली की अनोळखी भाषेचे ओझे निम्मे होते.

बोलण्याचे खेळ यशस्वी व्हायचे तर बोलण्याला काही कारण असावे लागते. समोर पेन दिसत असताना ‘व्हॉट इज धिस?’ विचारणे आणि ‘धिस इज अ पेन’ असे उत्तर देणे यात कोणाला काहीच नवे कळत नाही. मुलांनाही हे जाणवते, ती कंटाळतात. याउलट, तेच पेन पिशवीत लपवले आणि पिशवी चाचपून ओळखायला लावले की तोच प्रश्न खरा होतो. दोन मुलांच्या मध्ये दप्तराची भिंत उभारायची. एकाकडे पूर्ण चित्र, दुसऱ्याकडे त्याच चित्रातल्या चार वस्तू गाळलेले चित्र. ‘इज देअर अ ट्री?’, ‘येस’, ‘वन?’, ‘नो, टू’ असे विचारत-सांगत दोन्ही चित्रे सारखी करायची. भारतातल्या वर्गांत या विचाराला मोठा आधार मिळाला तो भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांच्या कामातून. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत चाललेला त्यांचा प्रकल्प बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्यात व्याकरणाचे पाठ न देता नकाशे आणि वेळापत्रके यांवरचे छोटे प्रश्न इंग्रजीत सोडवायला दिले जात. मुलांचे लक्ष अर्थाकडे गुंतले की भाषेची घडण मागून येते, असा प्रभूंचा दावा होता. ती मुले पहिलीपेक्षा मोठी होती. तरी दप्तराच्या भिंतीमागचा खेळ त्याच तत्त्वावर चालतो.

राक्षसाच्या चित्राचा खेळही मुलांच्या विशेष आवडीचा. शिक्षक सांगत जातो, मुले पाटीवर काढत जातात: मोठे डोके, तीन डोळे, एक लाल कान, सहा पाय. शेवटी पाट्या उंच धरल्या की तीस निरनिराळे राक्षस दिसतात आणि कुणाला ‘थ्री’ कळले नाही तेही लपत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांत भरणारा बाल आनंद मेळावा हा तर तयार रंगमंच. मुले घरून भाजी, भेळ, लिंबू सरबत आणतात, दुकाने मांडतात आणि खऱ्या पैशांचा व्यवहार होतो. त्याआधीचे पंधरा दिवस वर्गात दुकान-दुकान खेळून ‘हाउ मच?’, ‘टेन रुपीज’, ‘हिअर यू आर’, ‘थँक यू’ एवढी देवाणघेवाण बसवली, तर मेळाव्यात निदान एका दुकानावर ‘इथे इंग्रजीतच मिळेल’ अशी पाटी लावता येते. भेळेसाठी माणूस पुष्कळ काही बोलायला तयार होतो.

वाचन-लेखनाकडे वळताना घाई करणे ही सर्वांत सामान्य चूक. एबीसीडी म्हणता येणे म्हणजे इंग्रजी येणे, ही समजूत घराघरांत इतकी पक्की आहे की शाळाही तिच्यापुढे झुकते. अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत क म्हणजे कच. इंग्रजीत ‘सी’ नावाचे अक्षर ‘कॅट’मध्ये क होते आणि ‘सिटी’मध्ये स. म्हणून आधी आवाजांचे खेळ. भेंड्या इंग्रजी शब्दांनी लावायच्या, पण शेवटच्या आवाजावर, शेवटच्या अक्षरावर नव्हे. ‘केक’चा शेवट क, त्यामुळे पुढचा शब्द ‘कप’ किंवा ‘काइट’. अक्षरावर लावल्या तर ‘केक’ ई या अक्षराने संपतो, आणि जे ऐकूच येत नाही त्यावरून शब्द शोधताना मूल गोंधळते. आवाज ओळखू आले की ‘कॅट, बॅट, मॅट, हॅट’ अशी शब्दांची कुटुंबे पट्टी सरकवून तयार करता येतात: शेवटचा भाग पक्का आणि पुढचे अक्षर बदलते.

अक्षरांच्या आकाराचीही एक अडचण आहे, आणि तिची मुळे लिपीत आहेत. देवनागरी अक्षर शिरोरेघेला वरून लटकते; रोमन अक्षर खालच्या रेषेवर बसते आणि काहींची शेपटी तिच्याही खाली जाते. चाररेघी वहीशी झगडण्याआधी हे अंगणात खेळून घ्यावे. शिक्षकाने एल, टी किंवा एच या अक्षराचे नाव घेतले की मुलांनी टाचा उंचावून हात वर करायचे. ए, ओ, एम आले की सरळ उभे राहायचे. जी, पी, वाय आले की उकिडवे बसायचे. हे अर्थात छोट्या लिपीबद्दल. त्यातली बी आणि डी ही जुळी भावंडे तर कित्येक मुलांना तिसरीपर्यंत छळतात. दोन्ही मुठी समोरासमोर टेकवून अंगठे वर केले की ‘बेड’ म्हणजे पलंगाचा आकार होतो. डाव्या मुठीची बी, उजव्या मुठीची डी आणि अंगठे म्हणजे पलंगाचे खांब. परीक्षेत मुले बाकाखाली मुठी जुळवताना दिसतात, ती याचसाठी.

पूर्वी गावच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवत, ती पद्धत इथे पुन्हा कामी येते. ताटलीत बारीक वाळू, तीत बोटाने अक्षर आणि तोंडाने त्याचा आवाज. चुकले तर हलवून पुसायचे. खाडाखोडीचा डाग मागे राहत नाही. इतर साहित्यही जवळच मिळते. जुन्या लग्नपत्रिकांची पाठ कोरी आणि जाड असते, तिची चित्रकार्डे उत्तम होतात. बाटल्यांच्या झाकणांवर अक्षरे लिहिली की शब्द जुळवता येतात. बिस्किटांच्या पुड्यांची वेष्टणे गोळा केली की मुलाच्या लक्षात येते, आपण यातले काही आधीच ‘वाचतो’. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला जे बालशिक्षण उभे केले, त्यात परिसरातल्या वस्तूच शिक्षणाचे साहित्य होत्या. तिथे इंग्रजीचा संबंध नव्हता, पण शिंपले आणि बिया मोजून जे साधते ते महागड्या साहित्यपेटीवाचूनही साधते, हे तिथे दिसले.

द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-दोन वर्ग बसतात. तिथे खेळ अडचणीचे वाटतात, प्रत्यक्षात सोयीचे ठरतात. तिसरीचे मूल गटप्रमुख होऊन पहिलीच्या पाच जणांना ‘शिवाजी म्हणतो’ खेळवते. आज्ञा देणाऱ्याला बोलावे लागते, पाळणाऱ्याला ऐकावे लागते. एकाच खेळात दोन इयत्तांचे दोन पाठ होतात.

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलूच नये, असा दंडक काही शाळांत असतो. तो मुलांपेक्षा पालकांसाठी जास्त असतो. खेळाचा नियम मराठीत एका मिनिटात सांगून होत असेल, तर तो इंग्रजीत पाच मिनिटे घोळवण्यात काहीच हशील नाही. वाचलेली चार मिनिटे इंग्रजीत खेळण्याला मिळतात. बालभारतीने २०२१ मध्ये पहिलीसाठी मराठी-इंग्रजी द्विभाषिक पुस्तके निवडक शाळांत आणली, त्यामागेही मुलाच्या एका भाषेने दुसरीला हात द्यावा हाच विचार होता. चुकांबाबतही असेच. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि ‘अ’, ‘द’ यांसारखे शब्दच नाहीत, म्हणून ‘आय मार्केट गो’ हे वाक्य तोंडात येणे अगदी तर्काला धरून आहे. खेळ थांबवून नियम सांगितला तर मूल पुढच्या वेळी बोलणारच नाही. शिक्षकाने उत्सुकतेने ‘ओ, यू गो टु द मार्केट? विथ हूम?’ असे विचारावे. दुरुस्तीही होते आणि गप्पाही चालू राहतात.

उरते ते मूल्यमापन. खेळातून शिकलेले लेखी परीक्षेत नीट उतरत नाही, म्हणून शिक्षकाने आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या वहीत खेळ चालू असतानाच नोंद करावी. कोण शेजाऱ्याकडे न पाहता खाली बसला, कोणी पहिल्यांदाच पूर्ण वाक्य उच्चारले, कोणाचा ‘शीप’ अजून ‘शिप’ होतो, एवढे पुरते. एका तासात पाच मुलांवर नजर ठेवली तर तीस जणांचा वर्ग आठवड्याभरात पूर्ण होतो. मधल्या सुट्टीतली एखादी नोंदही याच वहीत जावी: कोणी न सांगता मुलांनी व्हरांड्यात डाव मांडलेला असतो, एक मुलगी ‘शिवाजी म्हणतो, स्टँड अप’ असे ओरडते, आणि जो उठत नाही त्याला सगळे मिळून इंग्रजीतच बाद करतात.